तळघरातला मेन कॉक

कौलखेडच्या त्या गल्लीत नळ यायचा दिवस म्हणजे धावपळीचा दिवस. अकोल्यात पाणी काही रोज येत नाही. आलं की घराघरातली भांडीकुंडी अंगणात येतात. डिसेंबरातल्या अशाच एका सकाळी इंदूबाई तायडे नळाखाली पाण्याचा गुंड लावून उभी होती. हिव कडक पडलं होतं म्हणून पदर कानाभोवती घट्ट गुंडाळला होता. तिचा नवरा डोमाजी ओट्यावर फोनवर हिंदीत बोलत बसले होते. एसटीत कंडक्टरकीची सारी उमर गेलेली, त्यामुळे कोणाशीही कोणत्याही भाषेत बोलायला ते कचरत नसत. पण आज त्यांचा आवाज खाली गेलेला होता.

"अवं, इकडं ये," ते म्हणाले. "हरजिंदर बोलून राहिला."

हरजिंदर म्हणजे अनुपचा शेजारी, कॅनडातला. अनुप म्हणजे इंदूबाईचा एकुलता एक मुलगा. दसऱ्याच्या आसपास एका दुपारी तो तिकडे कामावरच खुर्चीतून कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मूलबाळ नव्हतं. त्याच्या बायकोने, नीलमने, तिकडच्याच चार मराठी माणसांना घेऊन सगळं उरकलं. त्रिशरण-पंचशील कोणीतरी मोबाइलमध्ये पाहून म्हटलं. अकोल्यात इंदूबाईने आपल्या लेकाचा शेवट डोमाजींच्या फोनच्या काचेत पाहिला, तोही अर्धा, कारण मध्येच चित्र अडकलं. मग नीलमने त्याच्या वस्तू खोक्यांत भरून तळघरात रचल्या, घराला कुलूप लावलं, किल्ली हरजिंदरकडे दिली आणि अस्थी घेऊन ती अमरावतीला, राजापेठेत आपल्या वडिलांकडे आली. थंडी सरली की घराचं पाहू, असं ठरलं होतं. तोवर घर गरम ठेवणारी भट्टी मंद चालू ठेवायची, म्हणजे आतलं काही गोठणार नाही.

इंदूबाईने गुंड तसाच ठेवला आणि ओट्यापाशी आली.

"अंकलजी, मैं महीने भर के लिए लुधियाना जा रहा हूँ, भतीजी की शादी है," हरजिंदर सांगत होता. "पीछे घर देखने वाला कोई नहीं. इस बार ठंड बहुत है. भट्टी कहीं बंद पड़ गई तो सारे पाइप फट जाएँगे. अच्छा यही है कि मेन बंद करके सारा पानी निकाल दें. टोटियाँ खुली छोड़ दें, टंकी खाली. घर को सुला दें बस."

"तं करून टाक ना बेटा," डोमाजी घाईत मराठीतच बोलून गेले.

"वही तो मुश्किल है. मेन कॉक मिल नहीं रहा. अनुप ने तहखाने में सब लकड़ी लगा दी थी. भाभीजी को भी नहीं पता. आपको कभी बताया था उसने?"

"मले नाई बा," डोमाजी म्हणाले, आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुले मालूम हाय काय?"

इंदूबाईने मान हलवली. नाही.

मागे गुंड भरून वाहत होता. ती वळली, गुंड उचलून आत नेला, परत आली आणि दुसरा लावला. हे आपण काय केलं, ते तिला तो दुसरा गुंड अर्धा भरेपर्यंत कळलंच नाही.

तिला माहीत होतं. डोळे मिटूनही तिला तो कॉक दाखवता आला असता.

दर साली तिकडची थंडी सुरू व्हायच्या आधी, नीलमची औषधांच्या दुकानात कामाची पाळी असली की, अनुप आईला व्हिडिओ लावायचा. "आई, आज घराले स्वेटर घालाचा दिवस हाय. चाल, दाखवतो." मग फोन एका हातात धरून तो घरभर हिंडायचा. खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावायचा. अंगणातली रबरी नळी काढून झटकायचा, बाहेरची तोटी आतून बंद करायचा. उघड्या पाइपांना काळ्या फोमच्या नळ्या चढवायचा, त्या पाहून इंदूबाई म्हणायची, "लेकराच्या पायात मोजे घालून राहिला काय बे?" तो हसायचा. माय-लेकांना दुसरं बोलायला फार काही सुचत नसे. जेवला काय, झोपला काय, यापलीकडे त्याच्या जगातलं तिला काही विचारता येत नव्हतं. पण पाणी, नळ, तोटी, गळती हे तिला कळायचं. त्या बोलण्यात ती त्याच्या बरोबरीची असायची.

आणि शेवटी तो तळघरात उतरायचा. तिथे त्याने स्वतःच्या हाताने भिंतींना लाकूड लावलं होतं, पुस्तकांसाठी फळ्यांची मांडणी केली होती. त्या मांडणीची सगळ्यात खालची फळी तो उचलून बाजूला करायचा. मागे लाल दांड्याचा कॉक. "हा पाय, आई. नळ फुटला, काई झालं, तं सगळ्यात पयले हा बंद कराचा. मी इसरलो तं तुलेच इचारीन." "मी काय अकोल्याहून सांगू?" असं ती म्हणायची, आणि तरी दर साली नीट पाहून ठेवायची.

मग तिने 'नाही' असं का म्हटलं?

ते घर तिने कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. येत्या उन्हाळ्यात जायचं होतं, गुडघ्याचं दुखणं जरा कमी झालं की. तिच्या फोनवर अनुपने दोन गावांचं हवामान लावून दिलं होतं, एक अकोल्याचं आणि एक त्याच्या गावाचं. तो गेला तरी ते दोन आकडे रोज सकाळी शेजारी शेजारी यायचे. तिकडे उणे अठरा, उणे बावीस. ते पाहून ती मनाशी म्हणायची, बाहेर असंन, पण घरात गरम हाय. भट्टी चालू हाय. नळात पाणी हाय. कोणी आत गेलं, तोटी फिरवली, तर पाणी येईल. जिथे तोटी फिरवली की पाणी येतं ते घर कोणाचं तरी असतं, एवढंच तिला समजत होतं. आणि हा सरदार म्हणत होता, घर को सुला दें.

दुपारी डोमाजी म्हणाले, "नीलम फोन उचलून नाई राहिली. उद्या अमरावतीले जाऊन येऊ. समोर बसून बोलू. हरजिंदर चालला, नाई तं कोण पायनार?"

"मी बी येतो," इंदूबाई म्हणाली. वऱ्हाडातल्या तिच्या पिढीच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो.

सकाळच्या गाडीने ते निघाले. डब्यात गर्दी बेताची होती. मूर्तिजापूरला चहावाला चढला तेव्हा डोमाजींनी दोन चहा घेतले. तिने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं मागे पडत होती. आता सांगावं, असं तिला एकदा वाटलं. डोमाजींच्या तोंडाकडे तिने पाहिलं. पोरगा गेल्यापासून त्या माणसाने दाढी नियमाने करणं सोडलं होतं. पांढरे खुंट वाढले होते. त्यांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? कॉक कुठे आहे ते? की मी खोटं का बोलली ते? दुसऱ्याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं, म्हणून पहिलंही तोंडातून निघालं नाही. बडनेऱ्याला उतरून त्यांनी राजापेठेपर्यंत ऑटो केला.

नीलमचे वडील भगवंतराव दारातच उभे होते. "जयभीम, इवाईबुवा, या," म्हणत त्यांनी दोघांना आत घेतलं. खाली रस्त्यावर शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांचा कल्ला चालला होता. नीलम तिथल्याच एका शिकवणी वर्गात गणित शिकवायला लागली होती. ती आतल्या खोलीतून आली आणि सासू-सासऱ्यांच्या पाया पडली.  पोरीची गालफडं बसली होती. केस कसेतरी मागे बांधलेले.

"फोन उचलला नाई मी, बाबा," ती डोमाजींना म्हणाली. "त्या घराचं नाव काढलं की छातीत धडधड होते. म्हणून."

"आमाले कळते, बेटा. पण हरजिंदर चालला नं."

"माहीत आहे." ती खाली बसली. "मला ते घर बंद करायचं आहे. पूर्ण. रात्री मला वाटते, भट्टी चालू आहे, कोणी नाही, आणि ती आपली चालूच आहे. झोप लागत नाही. पाणी काढलं, सगळं बंद केलं, की निदान एक गोष्ट संपली असं होईल. खोकी तेवढी मागवून घेईन. त्याचे कपडे, पुस्तकं, डायऱ्या, लग्नाचे फोटो. बाकी मला काही नाही पाहिजे."

तिने हरजिंदरला व्हिडिओ लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली असतील. जाड जाकीट घालून तो अनुपच्या घरात शिरला, बूट झटकले, दिवे लावत तळघरात उतरला. नीलमने फोन सगळ्यांना दिसेल असा उशीला टेकवून ठेवला.

इंदूबाई पुढे सरकून बसली. लेक गेल्यावर ते घर ती पहिल्यांदा पाहत होती. त्याने बसवलेलं पिवळसर लाकूड. एका कोपऱ्यात रचलेली खोकी, त्यांवर नीलमच्या अक्षरात लिहिलेलं: कपडे, पुस्तकं, आईंची वाकळ. ती वाकळ इंदूबाईने अनुपच्या पहिल्या थंडीत शिवून पाठवली होती, स्वतःच्या आणि आपल्या सासूच्या जुन्या लुगड्यांची.

हरजिंदर भिंती ठोकत फिरत होता. "यहाँ भी नहीं. यहाँ भी नहीं." मग तो पुस्तकांच्या मांडणीपाशी आला. पुस्तकं काढल्यामुळे ती रिकामी होती. त्याने तिच्या बाजूच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं. त्याचा बूट खालच्या फळीला लागला. फळी किंचित हलली. ती हललेली फक्त इंदूबाईला दिसली.

"आई," नीलम अचानक म्हणाली, "तुम्हाला तो दाखवायचा नं सगळं? मी कामावर असली की? मला सांगायचा तो, आज आईले घर दाखवलं म्हणून. तेव्हा काही बोलला होता काय, कॉक कुठे आहे ते?"

सगळे इंदूबाईकडे पाहू लागले. भगवंतराव, डोमाजी, आणि काचेतून हरजिंदरसुद्धा.

सुनेचा चेहरा तिच्या अगदी जवळ होता. त्या चेहऱ्यावर आशा होती, आणि इंदूबाईला त्या आशेचाच राग आला. या पोरीला सगळं संपवून मोकळं व्हायचं आहे, असं तिला वाटलं. हिला विसरता येईल. ही तरुण आहे, शिकलेली आहे, हिच्यापुढे आणखी काही उभं राहील. माझ्यापुढे काय उभं राहणार?

"नाई वं माय," ती म्हणाली. "तो खिडक्या दाखवे. बाकी मले काय समजते?"

नीलमने मान खाली घातली. हरजिंदरने वर जाताना दिवे मालवले आणि तळघर काळं झालं.

मग असं ठरलं की प्लंबर बोलवायचा. पण तिकडे थंडीमुळे सगळे प्लंबर अडकलेले. पुढच्या आठवड्यातला दिवस मिळाला. हरजिंदरचा मावसभाऊ दार उघडून देईल. तोवर भट्टी आहेच. नीलमच्या आईने सगळ्यांना जेवू घातलं. निघताना नीलमने सासूच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. "गाडीत हिव लागते, आई," ती म्हणाली. इंदूबाईला ती शाल अकोल्यापर्यंत जाळत राहिली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. फोनमधला आकडा खाली खाली जात होता. उणे तीस झाला. मग उणे चौतीस. इकडे अकोल्यातही थंडीची लाट आली होती, चौकात लोक टायर जाळून शेकत होते. ती स्वयंपाक करताना थांबायची, हात कोरडे करून फोन पाहायची, परत पोळी लाटायला लागायची. एका सकाळी मनाचा निश्चय करून ती डोमाजींपाशी गेली. ते आरशासमोर बसून दाढी करत होते, कितीतरी दिवसांनी.

"अवो," ती म्हणाली.

"बोल." त्यांनी गालावरचा फेस पुसला. "प्लंबर येऊन राहिला उद्या-परवा. भगवंतरावचा फोन होता. म्हणते, पोरगी काल पोटभर जेवली. चाला, ते एक काम मार्गी लागते." ते चक्क थोडं हसले.

"काई नाई," इंदूबाई म्हणाली. "आंघोयीचं पाणी काढलं."

प्लंबर येणारच आहे, तो शोधेल, आपण बोलायची गरजच उरणार नाही, असं तिने मनाला समजावलं. माणसाला स्वतःला समजावायला फार वेळ लागत नाही.

प्लंबर त्या घरी पोहोचला तेव्हा भट्टी बंद पडलेली होती. बाहेरच्या धुराड्यात बर्फ साचून ती गुदमरली, असं नंतर कळलं. केव्हा बंद पडली ते कोणी सांगू शकलं नाही. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठून उभा चिरला होता आणि मेन कॉक उघडा असल्यामुळे पाणी येतच राहिलं होतं. ते फरशीतून खाली तळघरात उतरलं, उतरता उतरता गोठलं, त्यावर आणखी उतरलं.

हरजिंदरच्या मावसभावाने व्हिडिओ पाठवला. डोमाजी आणि इंदूबाई पलंगावर शेजारी बसून तो पाहत होते. जिन्याच्या पायऱ्यांवर बर्फाचे थर. छतातून खाली आलेले जाड खांब. आणि कोपऱ्यात खोकी नव्हतीच, एक पांढरा ढीग होता. फुटलेल्या पुठ्ठ्यातून एक बाही बाहेर आली होती आणि ताठ, कडक उभी होती. अनुपचा निळा शर्ट. वाकळीचं एक टोक बर्फाच्या आत दिसत होतं, काचेत ठेवल्यासारखं. मावसभाऊ मागून बोलत होता: काही वाचणार नाही. गरम केलं की सगळं पाणी होईल, आठवड्यात बुरशी चढेल. घर साफ करणारे लोक सगळं उचलून कचऱ्यात टाकतात, त्यांचा तसा नियमच आहे. कागद तर लगदा झालेत.

व्हिडिओ संपला. डोमाजींनी तो परत लावला नाही.

"त्या मांडणीची खालची फळी निंगते," इंदूबाई म्हणाली.

"काय?"

"खालची फळी. ते उचलली की मांगं लाल दांडा हाय. अनुपनं मले दाखवलं होतं. दर साली."

डोमाजी तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना आधी अर्थच लागला नसावा. मग लागला.

"काऊन?" ते म्हणाले. एवढंच. पन्नास लोकांच्या गाडीत ओरडून तिकिटं फाडलेला तो माणूस आता कुजबुजला. "काऊन वं, इंदे?"

"मले वाटलं, पाणी काढलं की तो गेला."

"तो गेलाच होता नं!"

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. दिवेलागणीला परत आले तेव्हा जेवले नाहीत. ती म्हणाली, नीलमले मी सोता सांगतो, तुमी नका सांगू. त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला आणि ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

तिने सुनेला सगळं सांगितलं. रडली नाही, सबबी सांगितल्या नाहीत. हरजिंदरचा बूट फळीला लागला होता, तेही सांगितलं. मग पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला.

"नीलम?"

"ऐकते आहे मी." आवाज अगदी सपाट होता. "आई, त्याचा एक स्वेटर मी धुतला नव्हता. मुद्दाम. पिशवीत बांधून ठेवला होता, वास राहावा म्हणून. सोबत आणला नाही, कारण विमानात उघडून बसली असती. तो त्या खोक्यात होता."

इंदूबाईने तोंडात पदर कोंबला.

"मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं," नीलम म्हणाली, आणि फोन ठेवला.

उन्हाळ्याच्या तोंडी ते घर एका ठेकेदाराने घेतलं, आहे त्या अवस्थेत. आतून सगळं उपटून तो नव्याने बांधणार होता. नीलमला पुण्यात नोकरी लागली. जाण्याआधी एका दुपारी ती अकोल्याला आली. चहा घेतला. डोमाजींची विचारपूस केली, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाहिल्या, एक बदलून घ्या म्हणाली. इंदूबाईशी ती तुटकपणे वागली नाही. तुटक वागली असती तर बरं झालं असतं. निघताना पायात चपला अडकवत ती म्हणाली, "आई, मी तुमच्यावर राग धरून नाही. खरंच नाही. पण यापुढे माझ्याच्यानं इथं येणं होणार नाही. तुमच्याकडे पाहिलं की ते तळघर दिसते."

"व्हय, माय," इंदूबाई म्हणाली. 

डोमाजी सुनेला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले.

त्या माणसाने बायकोला पुन्हा कधी बोल लावला नाही. पाणी भरू लागायचे, बाजारातून भाजी आणायचे, तिचे गुडघे दुखले की तेलाची वाटी गरम करून द्यायचे. पण अनुपचं नाव तिच्यासमोर त्यांनी सोडून दिलं. आधी आधी तिला वाटलं, दुःखामुळे बोलत नसतील. मग एका संध्याकाळी ती दळण घेऊन गल्लीत वळली, तेव्हा डोमाजी सूर्यभान शिंप्याच्या ओट्यावर बसले होते. सूर्यभान मशीन थांबवून ऐकत होता. लहानपणी अनुप शाळेतून पळून डेपोत यायचा, उभ्या एसटीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून तोंडानं हॉर्न वाजवायचा, असं डोमाजी हात हलवून हलवून सांगत होते, आणि दोघेही हसत होते. इंदूबाई डोक्यावर डबा घेऊन तिथेच थबकली. तिला ही गोष्ट माहीत नव्हती. तिला ती पुढे ऐकायची होती.

डोमाजींची नजर तिच्यावर गेली. त्यांचा हात खाली आला.

"चालतो बा मी," ते सूर्यभानला म्हणाले. त्यांनी उठून तिच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला, आणि दोघं घराकडे चालू लागले.